आंबोलीत ओढ्याचं पाणी मोजायला जाताना

आंबोलीला माणसं पावसाळ्यात भिजायला जातात. आम्ही मार्चअखेरीस गेलो, धबधबा सुकल्यावर. ओढ्यांवर पडणारा उन्हाचा ताण पाहायचा तर हेच दिवस बरे. पाणी उतरलेलं असतं, वर जळवांचा त्रास नाही.

सावंतवाडीहून एसटी घाट चढून वर येते. गाव साधारण ६९० मीटर उंचीवर. हिरण्यकेशीचा उगम गावाबाहेर, महादेवाच्या देवळाजवळच्या गुहेत. इथेच सापडलेला ‘शिस्टुरा हिरण्यकेशी’ हा मासा २०२० साली नवी प्रजाती म्हणून नोंदला गेला आणि २०२१ मध्ये सरकारने ही जागा जैविक वारसा स्थळ जाहीर केली. म्हणजे जाळं घालायचं नाही, मासे धरायचे नाहीत. तापमापी बुडवायची तरी वनखात्याची परवानगी आधी काढा आणि देवस्थानच्या मंडळींच्या कानावर घाला.

पाण्याचं तापमान उगमावरच मोजायचं कारण असं. जमिनीतून येणारं पाणी साधारणपणे तिथल्या हवेच्या वार्षिक सरासरी तापमानाच्या आसपास राहतं. उघड्या ओढ्यात अर्ध्या अंशाचा फरक एखादा ढगही पाडतो. झऱ्यात तो वर्षानुवर्षं टिकून दिसला, तर दखल घ्यायलाच हवी. पाणी तापलं की काही मासे वरच्या अंगाला, गारव्याकडे सरकतात. उगमाशीच राहणाऱ्याने आणखी वर कुठे जायचं?

खालच्या एका ओढ्यात दगड उलटून पाहिला. पोटाला मेफ्लाय या किड्याचं पाण्यात वाढणारं पिल्लू चिकटलेलं: चपटं, तीन शेपट्या, दोन्ही कुशींना कल्ल्यांची अखंड फडफड. शेजारी कॅडिसफ्लाय या दुसऱ्या किड्याच्या अळीने वाळूचे कण जोडून बांधलेलं नळकांडं. बघून झालं की दगड होता तसाच ठेवायचा, हे सांगावं लागतं. या किड्यांना प्राणवायू भरपूर लागतो, आणि समुद्रसपाटीला २० अंशांच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम मावणारा प्राणवायू ३० अंशांना साडेसातवर येतो. आंबोलीच्या उंचीवर त्याहून थोडा कमीच, म्हणून प्राणवायू मोजायच्या यंत्रात उंची भरायला विसरू नका.

एकदाच जाऊन घेतलेल्या आकड्यावरून हवामानबदल सिद्ध करायला जाऊ नये. जागा तीच, वेळ तीच ठेवा; पहाटेची आणि दुपारी तीनची नोंद वेगळी लिहा. लॉगर (तापमान आपोआप नोंदत राहणारं छोटं यंत्र) ठेवणार असाल तर भोकं पाडलेल्या पांढऱ्या पाइपात, सावलीत. नाहीतर पाण्याऐवजी ऊनच मोजलं जातं. तो झाडाच्या मुळाला तारेने बांधा, जूनचा पहिला लोंढा दोरी ठेवत नाही. एका ओढ्यातून दुसऱ्यात उतरण्याआधी बूट धुऊन वाळवा. परतीच्या एसटीची वेळ स्टँडवर उतरल्या उतरल्या विचारून ठेवा.