वाफसा

२८ जुलै २०१९ च्या रविवारी आमच्या टेनिस क्लबची वार्षिक सभा झाली. 'सेक्रेटरी कोण होणार?' असं अध्यक्षांनी विचारल्यावर सगळ्यांनी एकदम चहाच्या कपात बघितलं. मी तेवढी बाहेर फोनवर होते. आत आले तर टाळ्या. अशी मी सेक्रेटरी झाले.

क्लब म्हणजे सांगलीत नदीच्या अंगाला दोन मातीची कोर्टं, पत्र्याची एक खोली, एक आंब्याचं झाड आणि साठेक सभासद. त्यात डॉक्टर आहेत, शाळामास्तर आहेत, तासगावकडचे दोन द्राक्षबागायतदार आहेत, आणि वयाची पंच्याहत्तरी ओलांडलेले आप्पा आहेत. आप्पांचं दर सभेला एक ठरलेलं भाषण असतं. सांगलीत जन्मलेले नंदू नाटेकर आधी टेनिस खेळायचे, ज्युनिअर राष्ट्रीय स्पर्धेच्या फायनलला रामनाथन कृष्णनकडून हरले आणि बॅडमिंटनकडे गेले. मग १९६१ साली पहिल्यांदाच अर्जुन पुरस्कार दिले तेव्हा त्यांना मिळाला. 'कृष्णननं तो एक सामना सोडला असता तर सांगलीचं टेनिस कुठल्या कुठं गेलं असतं,' हे आप्पांचं शेवटचं वाक्य. मुलगा गौरव नाटेकर टेनिसच खेळला आणि १९९४ ला हिरोशिमाच्या एशियाडमध्ये लिएंडर पेसबरोबर डबल्सचं सुवर्ण घेऊन आला, याची कोणी आठवण दिली की आप्पा म्हणतात, 'ते व्याज झालं. मुद्दल गेलंच की.'

सेक्रेटरी होऊन आठवडा झाला नाही तोवर कृष्णेला पूर आला.

सांगलीत पावसाळ्यात लोक एकमेकांना एकच प्रश्न विचारतात, 'आयर्विनला किती?' आयर्विन पुलाजवळ ४५ फूट ही धोक्याची पातळी. त्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांवर गेलं. २००५ चा पूर बघितलेली माणसंही 'तेव्हा इथवर नव्हतं आलं' असं म्हणत जिना चढून वर गेली. त्या दिवसांबद्दल इथं जास्त लिहीत नाही. ज्यांनी घरं, दुकानं, जनावरं गमावली त्यांच्या गोष्टीपुढे दोन कोर्टांची गोष्ट ती काय.

पाणी ओसरल्यावर मी आणि आमचे काका बघायला गेलो. काका बांधकाम खात्यातून इंजिनिअर म्हणून निवृत्त झालेले, नात्यानं कोणाचेच नाहीत, पण सगळ्यांचे काका. जाळीच्या कुंपणाला डोक्याच्या उंचीवर गवत आणि प्लॅस्टिक लोंबत होतं. कोर्ट मात्र बघत राहावं असं. चार बोटं जाडीचा काळा गाळ, इतका गुळगुळीत की एका बगळ्याच्या पायांची रांग सोडली तर त्यावर डाग नाही. नेट चिखलात गुंडाळून कोपऱ्यात पडलेलं, तारेला गंज. खोलीतलं सगळं वाहून गेलं होतं. आंब्याच्या बेचक्यात मात्र बॉलचे तीन सीलबंद डबे अडकलेले होते. हवाबंद असल्यामुळे ते तरंगत तिथवर गेले असावेत. काकांनी काठीनं पाडले आणि माझ्या हातात देऊन म्हणाले, 'हा आपला शिल्लक साठा. रजिस्टरला नोंद करा.' रजिस्टर पण गेलं होतं.

पहिले तीन-चार आठवडे आम्ही काहीच केलं नाही. जो तो आपल्या घरातला गाळ काढत होता. मग कमिटीत वाद झाला. एक जण म्हणाले, 'लोकांच्या चुली पेटेनात आणि तुम्ही कोर्टाचं काय घेऊन बसलात?' मला ते पटलंही. पण आमचे ग्राउंडमन मामा आणि मुलांना शिकवणारा मार्कर, या दोघांचा पगार निघतो तो वर्गणीतून आणि कोचिंगच्या फीमधून. कोर्ट बंद म्हणजे पगार बंद, आणि मामांच्या घरातही छातीएवढं पाणी येऊन गेलेलं. शेवटी ठरलं की यंदा एकच कोर्ट उभं करायचं. दुसरं राहू दे पुढच्या वर्षी.

माझी अक्कल तेव्हा इतकीच, की टँकर बोलवावा आणि गाळ धुऊन काढावा. मामांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, 'ताई, पाणी मारलं तर ह्यो गाळ खालच्या मुरमात मुरंल. मग बसा आयुष्यभर. ह्याला वाळू द्या. आपसूक उचकटतोय बगा.' सप्टेंबरच्या मध्याला चार दिवस ऊन पडलं आणि खरंच गाळाला भेगा पडल्या. भेगांमधले तुकडे कडेनं वर वळायला लागले, भाकरीचा पापुद्रा सुटतो तसे. खोरं खाली सरकवलं की परातीएवढा तुकडा अख्खा निघायचा आणि खाली जुना लाल मुरूम दिसायचा. रविवारी वीस-बावीस सभासद पाट्या वाहायला आले. डॉक्टरांनी दोन तासांत कंबर धरली आणि उरलेला दिवस इतरांना वाकायचं कसं ते शिकवलं. गाळ टाकायचा कुठं हा प्रश्न होता, तो बागायतदारांनी सोडवला. असली मळी रानाला सोन्यासारखी. ट्रॉल्या त्यांच्याच, डिझेल त्यांचं, आणि वर आम्हालाच धन्यवाद.

मळी रानात चांगली, कोर्टात नको. काळी माती पाण्यानं फुगते आणि उन्हात फाटते, त्यावर बॉल कधी घोट्याला येतो तर कधी कानाला. म्हणून गाळाचा शेवटचा काळसर थरही आम्ही खरडून काढला. मग हिशोब. लाइनींच्या आतलं कोर्ट ७८ फूट लांब, ३६ फूट रुंद. पण मागे-बाजूला पळायची जागा धरून आपण १२० बाय ६० फूट करतो. त्यावर दोन इंच मुरूम म्हणजे बाराशे घनफूट, म्हणजे बारा ब्रास. एका ट्रॉलीला साधारण एक ब्रास. काकांनी हे सगळं पाकिटाच्या पाठीवर मांडून दाखवलं. मी तो आकडा घेऊन वर्गणी मागत फिरले आणि पुराच्या वर्षी लोकांनी दिली, हे मी विसरणार नाही.

मुरूम चाळून पसरला. काकांनी पारदर्शक नळीत पाणी भरून लेव्हल काढली आणि एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला, ६० फुटांत अडीच इंच, असा उतार ठेवला. उतार डोळ्यांना दिसता कामा नये, पाण्याला मात्र कळला पाहिजे, हे त्यांचं म्हणणं. इथवर झकास चाललं होतं.

मग मी घोटाळा केला.

शनिवारी संध्याकाळी मामांनी मुरमाला पाणी पाजलं. रविवारी सकाळी सात वाजता आठ-दहा सभासद रूळ ओढायला हजर. सोमवारपासून सगळ्यांची कामं. मामा म्हणाले, 'आज नको. वाफसा न्हाई.' मी म्हटलं, मामा, माणसं आलीत, परत कधी जमतील? ते गप्प राहिले. सेक्रेटरीपुढं काय बोलणार! आम्ही रूळ घातला. सिमेंट भरलेला तो लोखंडी रूळ पहिले दहा फूट नीट गेला. मग मागे वळून बघितलं तर मुरूम रुळाला चिकटून वर येत होता, लाटण्याला कच्ची पोळी चिकटते तसा, आणि खाली हातभर रुंद खड्डे. आम्ही खरडायचो, ओढायचो, परत तेच. नऊ वाजता सगळे निघून गेले. अडीच इंचांचा उतार, काकांची लेव्हल, सगळं पाण्यात. काका मला काही बोलले नाहीत, पण त्यांनी ती नळी ज्या पद्धतीनं गुंडाळली त्यात सगळं आलं.

दुसऱ्या दिवशी बँकेतून सुटल्यावर मी परस्पर कोर्टावर गेले. मामा एकटेच खोऱ्यानं मुरूम उकरत होते. मी विचारलं, वाफसा ओळखायचा कसा ते सांगा. त्यांनी मूठभर माती उचलली, दाबली, लाडू झाला. कमरेइतक्या उंचीवरून सोडला. लाडू खाली पडून तसाच राहिला. 'वली हाय.' कडेची माती घेतली, तिचा लाडूच होईना. 'ही सुकली.' मग आंब्याच्या सावलीलगतची घेतली. लाडू झाला, टाकल्यावर फुटला. 'ह्यो वाफसा. रानात पेरायला बी हाच, रुळाला बी हाच.' पुढे त्यांनी अनवाणी टाच दाबून दाखवली: ठसा उमटला पाहिजे, पण टाचेला काही लागलं नाही पाहिजे. मामांचं लहानपण तालमीत गेलं. तालमीची तांबडी माती ताक, तेल, हळद घालून मऊ राखायची आणि कोर्टाची दाबून टणक करायची, काम उलटं आहे. पण मातीत हात घालून तिला विचारायचं, हे दोन्हीकडे सारखंच, असं ते म्हणाले.

पुन्हा सगळं केलं. या वेळी रूळ कधी घालायचा हे मामा सांगणार आणि ज्याला जमेल तो येणार. कधी पहाटे साडेपाचला फोन यायचा, कधी दुपारी साडेतीनला. बँकेतून मी दोनदा खोटं सांगून निघाले. (आमच्या मॅनेजरसाहेबांच्या वाचनात हे आलं तर आलं.) पाणी, वाफसा, रूळ, पाणी, वाफसा, रूळ. असे नऊ दिवस. वरून वीटभट्टीवरची चाळलेली भुकटी अगदी हलक्या हातानं पसरली. मला वाटायचं लाल कोर्ट म्हणजे खालपर्यंत लाल. काकांनी सांगितलं की पॅरिसला रोलां गॅरोसवरही विटांची भुकटी वरवर एक-दोन मिलिमीटरच असते, खाली चुनखडीचा पांढरा थर. आमच्या खाली कवठे महांकाळ रस्त्याकडचा मुरूम, एवढाच फरक.

ऑक्टोबर निम्मा झाला आणि पाऊस परत आला. निवडणुकीचे दिवस होते. १८ तारखेला साताऱ्यात शरद पवारांची ती भर पावसातली सभा झाली. सगळा महाराष्ट्र टीव्हीवर भिजलेले पवार बघत होता, मी मात्र पाऊस बघत होते. बागायतदारांचे तर प्राण कंठाशी, छाटणी झालेल्या बागा पाण्यात. सकाळी धावत गेले. पाणी उतरत्या बाजूच्या चरीतून निघून गेलेलं. फक्त एका बेसलाइनच्या मागे ताटाएवढं डबकं. काका त्या डबक्याकडे असे बघत होते जसं काही त्यांच्या पेन्शनमधून कपात झाली आहे.

लाइनींची मजा वेगळीच. खांबांच्या जुन्या खाचा सिमेंटमध्ये शाबूत होत्या, तेव्हा तिथून दोरी ताणून आम्ही अर्धं कोर्ट आखलं: ३६ फूट बाय ३९ फूट. नेटपासून २१ फुटांवर सर्व्हिस लाइन. फक्कीची पिशवी फोडणार, तेवढ्यात काका म्हणाले, 'गुण्यात आहे का?' म्हणजे कोपरे काटकोनात आहेत का. कर्ण मोजले. दोन्ही ५३ फूट १ इंच यायला हवेत. एक आला ५३ फूट ४ इंच, दुसरा ५२ फूट १० इंच. म्हणजे आमचं कोर्ट साडेचार इंचांनी तिरकं, शंकरपाळ्यासारखं. आप्पा म्हणाले, 'असू द्या की, माझा फोरहँड तसाच जातो.' बेसलाइनचे दोन्ही खिळे उपटून सरकवत सरकवत कर्ण जुळेपर्यंत अंधार पडला. चुन्याची फक्की दुसऱ्या दिवशी मारली.

नवं नेट आलं. मधला पट्टा तीन फुटांवर हवा. टेप कोणी तरी घरी नेलेला. मार्करनं एक रॅकेट उभी धरली, तिच्या टोकावर दुसरीचं डोकं आडवं ठेवलं आणि पट्टा आवळला. २७ इंच अधिक ९ इंच, झाले तीन फूट. नंतर मामा आणि मी हातात एकेक बॉल घेऊन कोर्टभर फिरलो, खांद्यावरून सोडायचा आणि आवाज ऐकायचा. 'टप्' आला तर पुढं, 'थप्' आला तर तिथं फुली. सतरा फुल्या निघाल्या. त्या ठोकून घेतल्या.

१७ नोव्हेंबरला स्पर्धा ठेवली. दिवाळीत जमलीच नाही. चोवीस नावं, चिठ्ठ्या टाकून बारा जोड्या, सहा गेमचा एकच सेट. सकाळी सातला मी आंब्यावरच्या तीन डब्यांतला पहिला डबा फोडला. 'फुस्स' झालं तेव्हा अख्ख्या क्लबनं टाळ्या वाजवल्या. डब्याच्या बाहेर अजून गाळाचा वाळका डाग होता, आतले बॉल पिवळेजर्द.

फायनलला एका बाजूला आप्पा आणि एक तरुण इंजिनिअर, दुसऱ्या बाजूला कंबर बरी झालेले डॉक्टर आणि आमची दहावीतली पोरगी. सगळा धाक त्या पोरीच्या सर्व्हिसचा. ५-४, थर्टी-ऑल. आप्पांनी सर्व्हिस घ्यायला रॅकेट वर केली आणि मामा पाण्याचा पाइप घेऊन सरळ कोर्टात आले. 'ऊन चढलं, वरची भुकटी उडाया लागली. पंधरा मिनिटं सरका.'

'अहो मामा, मॅच पॉइंट यायचाय!' इंजिनिअर ओरडला.

मामांनी पाणी मारलं, गोणपाट फिरवलं. आम्ही सगळे आंब्याखाली पोहे संपवत बसलो. पंधराची वीस मिनिटं झाली. मी विचारलं, 'मामा, करू का सुरू?'

त्यांनी चप्पल काढली, बेसलाइनच्या मागे टाच दाबली आणि पाय उचलून तळवा बघितला.

'अजून पाच मिनिटं, ताई.'