कृष्णवर्णीय नेतृत्वावरील तिकीटसंग्रह : कॅरिबियन पानांची नवी मांडणी

आफ्रिकेतून गुलाम म्हणून नेलेल्या आणि नंतर पुन्हा स्थलांतर करीत जगभर पसरलेल्या समाजाच्या नेतृत्वावर मी जो विषयानुसारी तिकीटसंग्रह उभा करीत आहे, त्याची पाने या पावसाळ्यात नव्याने लावली. अमेरिकी टपाल खात्याची 'ब्लॅक हेरिटेज' माला हा संग्रहाचा मुख्य भाग आहे. १९७८ साली, गुलामांना पळून जाण्यास मदत करणाऱ्या हॅरिएट टबमन यांच्या १३ सेंटच्या तिकिटाने ती सुरू झाली. ही माला सालवार लावली की पाने देखणी दिसतात, परंतु त्यांतील प्रत्येक व्यक्ती निव्वळ अमेरिकन ठरते आणि समुद्रापलीकडचे नाते झाकले जाते. म्हणून आता साल न पाहता त्या व्यक्तीची किंवा तिच्या आईवडिलांची जन्मभूमी धरून मांडणी केली आहे.

या बदलाने सर्वाधिक फुगले ते कॅरिबियन प्रकरण. अमेरिकी संसदेवर निवडून आलेल्या पहिल्या कृष्णवर्णीय स्त्री शर्ली चिझम यांचे तिकीट २०१४ चे. त्यांची आई बार्बाडोसची, वडील ब्रिटिश गियानाचे, आणि स्वतः शर्लीबाईंच्या बालपणाची काही वर्षे बार्बाडोसमध्येच गेली. संघीय न्यायालयातील पहिल्या कृष्णवर्णीय महिला न्यायाधीश कॉन्स्टन्स बेकर मॉटली (तिकीट २०२४) यांचे आईवडील नेव्हिस या चिमुकल्या बेटावरून आलेले. कवी आणि नागरी हक्कांचे कार्यकर्ते जेम्स वेल्डन जॉन्सन यांची आई बहामाची, तर १९९९ च्या ३३ सेंटच्या तिकिटावरील कृष्णवर्णीयांच्या हक्कांचे नेते माल्कम एक्स यांची आई ग्रेनेडाची. याच ओळीत मी १९९१ चे जॅन मॅट्झेलिगर यांचे तिकीट मुद्दाम घेतले. मुख्य भूमीवरील सुरिनाम भूगोलाच्या दृष्टीने बेट नसले, तरी इतिहासाने ते याच प्रकरणात बसते. पारामारिबोत जन्मलेल्या या माणसाने बुटाचा वरचा भाग साच्यावर ताणून तळाशी पक्का करणाऱ्या यंत्राचे पेटंट १८८३ साली मिळवले. कसबी कारागीर दिवसाला जेमतेम पन्नास जोड करी, तेथे या यंत्राने कित्येक पट काम होऊ लागले. नेतृत्व म्हणजे केवळ सभा आणि मोर्चे नव्हेत, हे सांगणारे हे तिकीट मला पुष्कळ प्रसिद्ध चेहऱ्यांपेक्षा मोलाचे वाटते.

माल्कम यांच्या पानाला जमैकाची जोड आपोआप मिळाली, कारण त्यांचे आईवडील दोघेही जमैकाचे कृष्णवर्णीय नेते मार्कस गार्वी यांच्या संघटनेचे कार्यकर्ते होते. गार्वींचे तिकीट 'ब्लॅक हेरिटेज' मालेत नाही. ते मी जमैकाच्या १९७० सालच्या राष्ट्रीय वीरांच्या संचातून घेतले. त्यांनी १९१९ मध्ये काढलेली 'ब्लॅक स्टार लाइन' ही जहाज कंपनी फार काळ टिकली नाही, पण तिचा काळा तारा पुढे घानाच्या ध्वजावर आला. त्यामुळे जमैकाच्या पानाशेजारी घानाचे पान येणे क्रमप्राप्तच होते. तेथे गोल्ड कोस्टच्या (स्वातंत्र्यापूर्वीच्या घानाच्या) ब्रिटिश राणीच्या चित्राच्या तिकिटांवर ६ मार्च १९५७ या स्वातंत्र्यदिनाचे अधिमुद्रण केलेली, म्हणजे वरून मजकूर छापलेली तिकिटे आहेत आणि त्यांच्या बाजूला त्याच वर्षीचा क्वामे एन्क्रुमा, गिधाड आणि आफ्रिकेचा नकाशा असलेला संच आहे. एकाच वर्षात राणीच्या जागी देशाचा पंतप्रधान आलेला डोळ्यांना दिसतो. खाली लांबलचक मजकूर लिहावा लागत नाही.

कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणारे अमेरिकी विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस यांना कोठे बसवावे, हा मात्र घोळ बराच काळ चालला. त्यांचे वडील हैतीत जन्मलेले. म्हणजे नियमाप्रमाणे त्यांची जागा हैतीच्या स्वातंत्र्याच्या १९०४ च्या शताब्दी संचाजवळ, तेथील स्वातंत्र्यलढ्याचे नेते तूसाँ लूव्हेर्त्यूर आणि देसालिन यांच्या शेजारी. तरीही मी त्यांना घानाची राजधानी अक्रा हिच्या पानावर नेले. एन्क्रुमांच्या निमंत्रणावरून ते १९६१ मध्ये घानाला गेले, तेथील नागरिक झाले आणि २७ ऑगस्ट १९६३ रोजी तेथेच वारले. दुसऱ्या दिवशी वॉशिंग्टनच्या नागरी हक्कांसाठीच्या महामोर्चात त्यांच्या निधनाची बातमी नागरी हक्क चळवळीतील नेते रॉय विल्किन्स यांनी व्यासपीठावरून सांगितली. डू बॉइस (१९९२), विल्किन्स (२००१) आणि मार्टिन ल्यूथर किंग (१९७९) ही तीन तिकिटे त्यामुळे एका पानावर आली. किंग यांच्यावर भारताने २० पैशांचे तिकीट २५ जानेवारी १९६९ रोजी, म्हणजे अमेरिकेच्या दहा वर्षे आधी काढले. तेही तेथेच लावले आहे. १९५९ च्या भारतभेटीत किंग मुंबईत मणिभवनात राहिले होते, याचा उल्लेख एका ओळीत केला.

डॉ. आंबेडकरांनी १९४६ मध्ये डू बॉइस यांना पत्र लिहून, संयुक्त राष्ट्रांपुढे कृष्णवर्णीयांच्या वतीने होणाऱ्या अर्जाची प्रत मागितली होती. त्या आधारावर १९६६ चे बाबासाहेबांचे १५ पैशांचे तिकीट या पानावर घ्यावे, असे माझे मत आहे. प्रदर्शनाचे परीक्षक संबंध ओढूनताणून आणला म्हणतील, हेही उघड आहे. तिकिटांखेरीज इतर साहित्यही चालणाऱ्या खुल्या वर्गात संग्रह लावल्यास पत्राची प्रतिमाही जोडता येईल.

जुळवाजुळव करणाऱ्यांसाठी एक व्यावहारिक सूचना. अमेरिकेची अलीकडची स्वयंचिकट तिकिटे पाण्यात भिजवून सुटत नाहीत. पाकिटाचा कागद चहूबाजूंनी थोडा राखून कापावीत आणि तशीच माउंटमध्ये (तिकीट ठेवण्याच्या पारदर्शक पाकिटात) ठेवावीत. चिझम यांचे वापरलेले तिकीट मी असेच ठेवले आहे. हैतीच्या संचातील तेथील आणखी एक नेते पेतियों यांची दोन तिकिटे अजून हवी आहेत. कोणाकडे जादा असल्यास त्यांच्या बदल्यात घानाची अधिमुद्रित तिकिटे देता येतील.