एचएच आहे, डी नाही

मागच्या मंगळवारी रात्री पावणेदहाच्या सुमाराला घणसोलीच्या त्या मुलीचा मेसेज आला. मी कळव्याला घरी, ओट्यापाशी, कुकरची तिसरी शिट्टी मोजत होते आणि फोनमधल्या टॉकबॅकने वाचून दाखवलं, "ताई जाहिरात बघितली. एचएच आहे. डी नाही. मी डी आहे. फॉर्म भरू का नको." गॅस बारीक केला आणि तिथेच उभी राहून तो मेसेज परत दोनदा ऐकला.

ज्यांना हे कोड माहीत नाहीत त्यांच्यासाठी सांगते. एचएच म्हणजे कमी ऐकू येणारे आणि डी म्हणजे कर्णबधिर. मुलगी जन्मापासून कर्णबधिर आहे, बीकॉम झालीये, मराठी टायपिंगची मिनिटाला ३० शब्दांची आणि इंग्रजीची ४० ची दोन्ही सर्टिफिकेटं आहेत, यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगत्वाचं सरकारी ओळखपत्र आहे, आणि पद होतं लिपिकाचं. त्या सरकारी भरतीच्या जाहिरातीत दिव्यांगांसाठी जागा होती पण पात्र प्रकाराच्या रकान्यात फक्त एचएच लिहिलेलं. का, तर कामासाठी काय काय जमलं पाहिजे त्याची जी अक्षरं असतात, एस म्हणजे बसणं, डब्ल्यू म्हणजे चालणं, एसई म्हणजे बघणं, त्यात एच पण होतं, म्हणजे ऐकणं. आता लिपिकाचं काम मी स्वतः करते, गेली सहा वर्षं, त्यामुळे मला नक्की माहितीये की दिवसभरात ऐकण्याचं काम किती असतं. आवक-जावक, टिपणी, पत्रं, तक्ते, ईमेल. आमच्या सेक्शनमध्ये टेबलावरचा फोन वाजतो तो दिवसाला पाच-सहा वेळा, आणि तो कोणीही उचलतं, जो जवळ असेल तो. त्या पाच-सहा फोनसाठी एका मुलीची अख्खी नोकरी जाते हे मला सहन होत नाही.

मी कोण ते पण सांगते. मला आरपी आहे, म्हणजे डोळ्याच्या पडद्याचा आजार, शाळेत असताना रात्री दिसेनासं झालं आणि कॉलेज संपेपर्यंत फक्त उजेड-अंधार कळण्याइतकं उरलं. आता रोज ठाण्याहून ट्रान्स हार्बरच्या लोकलने बेलापूरला जाते, दिव्यांगांच्या डब्यातून, तिथे एका सरकारी ऑफिसात लिपिक आहे. ऑफिसचं नाव लिहीत नाही कारण त्याची गरज नाही.

आपल्याकडे बोलताना लोक म्हणतात, तुम्हाला काय, रिझर्व्हेशन आहे. हो आहे. दिव्यांगांसाठीच्या १९९५ च्या कायद्यात ३ टक्के होतं, २०१६ चा नवीन कायदा आला तो १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला आणि ४ टक्के झालं. दिव्यांगत्वाचे प्रकार ७ चे २१ झाले. १ टक्का अंध आणि अल्पदृष्टी, १ टक्का कर्णबधिर आणि ऐकण्यास कमी, १ टक्का अस्थिव्यंगवाले, त्यातच सेरेब्रल पाल्सी, कुष्ठरोगमुक्त, ठेंगणेपणा, ॲसिड हल्ल्यातले, आणि शेवटचा १ टक्का स्वमग्नता, बौद्धिक अक्षमता, अध्ययन अक्षमता, मानसिक आजार आणि एकापेक्षा जास्त दिव्यांगत्व असलेले, हे सगळे मिळून. या शेवटच्या गटाबद्दल खरं तर वेगळं लिहायला हवं, कारण त्यांना कायद्यात जागा मिळाली पण जाहिरातीत त्यांच्या नावापुढे बहुतेक वेळा शून्यच बघितलंय मी.

कायद्यात बघा, कर्णबधिर आणि ऐकण्यास कमी एकाच ओळीत आहेत. आरक्षण दोघांचं एकच. मग जाहिरातीत एकाला आत आणि एकाला बाहेर कोण ठेवतं? तर पद सुनिश्चिती. म्हणजे कुठलं पद कुठल्या दिव्यांगत्वाला जमेल ते ठरवायचं. केंद्राची यादी ४ जानेवारी २०२१ ला आली, त्यात ३,५६६ पदं आहेत, गट अ ची १,०४६, ब ची ५१५, क ची १,७२४ आणि ड ची २८१. आपल्या राज्यात प्रत्येक विभाग आपापल्या पदांची सुनिश्चिती करून जीआर काढतो. आणि सगळं घोडं इथेच पेंड खातं. टक्केवारीवर लोक भांडतात, मोर्चे निघतात, पण पद आधी यादीतच नसेल किंवा यादीत असून तुमचा प्रकार त्या रकान्यात नसेल तर ४ टक्के काय आणि १० टक्के काय, तुमच्या ताटात काही पडत नाही.

माझ्या वेळचं सांगते. परीक्षेचं सेंटर महापेला होतं. तेव्हाच्या नियमाप्रमाणे तासाला २० मिनिटं जास्त मिळायची, लेखनिक, म्हणजे आपण सांगू ते उत्तर लिहिणारा, आपला आपण आणता यायचा फक्त त्याचं शिक्षण आपल्यापेक्षा एक पायरी कमी लागायचं. मी आमच्या चाळीतली बारावीची मुलगी नेली होती. गेटवर सुपरवायझर म्हणाले हिचं आयकार्ड चालणार नाही, मग म्हणाले दोघी एकत्र बसणार कशा, मग कोणालातरी फोन, मग तो साहेब जेवायला गेलेला. आत बसलो तेव्हा बाकीच्यांची परीक्षा सुरू होऊन पंचवीस मिनिटं झाली होती. ती पंचवीस मिनिटं मला शेवटी मिळाली, पण भांडून, आणि मधल्या वेळात त्या पोरीचे हात थंड पडले होते, मला कळत होतं कारण ती माझा हात धरून बसली होती. एक पाय चार्ट आला तेव्हा ती कुजबुजत म्हणाली, "ताई, निळा तुकडा पोळीच्या पाव भागाएवढा आहे, हिरवा त्याच्यापेक्षा थोडासा मोठा". तसं करत करत चारही प्रश्न सोडवले. तिचे उपकार मी विसरणार नाही.

नोकरी लागल्यावर पहिल्या आठवड्यात साहेबांनी विचारलं, तुम्ही फाईल वाचणार कशा? त्यात कुत्सितपणा नव्हता, त्यांना खरंच माहीत नव्हतं. मी कॉम्प्युटरवर एनव्हीडीए टाकून घेतलं, तो स्क्रीनरीडर फुकट असतो, आणि ऑफिसच्या पत्राचा जुना नमुना उघडला. कानात काय यावं? परिच्छेद चिन्ह, ई अक्यूट, ई अक्यूट, असलं काहीतरी. माझ्या छातीत धस्स झालं. मला वाटलं सॉफ्टवेअर बिघडलं, आणि आता हे सगळे म्हणणार की बघा, हिला नाही जमत. शेजारच्या टेबलावरचे काका, त्यांची रिटायरमेंटला तेव्हा दोन वर्षं होती, ते येऊन बघून म्हणाले अगं हा जुना फॉन्ट आहे, युनिकोड नाहीये. स्क्रीनवर "शासन" दिसत होतं पण आत भलतीच अक्षरं भरलेली होती, आणि स्क्रीनरीडर आतलं वाचतो. काकांनी पुढचे दोन-अडीच महिने रोज जेवणाच्या सुट्टीत आमच्या सेक्शनचे सगळे नमुने, चाळीसच्या वर होते, कन्व्हर्टरमधून काढून, चुका सुधारून युनिकोडमध्ये करून दिले. खर्च शून्य रुपये. आणि नंतर गंमत म्हणजे सगळ्यांनाच ते बरं पडायला लागलं, कारण युनिकोडमधलं पत्र मोबाईलवर उघडतं, सर्च होतं. स्कॅन केलेली पीडीएफ मात्र अजून छळते, ती माझ्यासाठी कोरा कागदच. नोकरीच्या जाहिरातीसुद्धा स्कॅन करून टाकतात, म्हणजे अंध उमेदवाराने आपल्यासाठी जागा आहे का हे शेजाऱ्याला विचारायचं.

२०१६ च्या कायद्याच्या २० व्या कलमात लिहिलंय की सरकारी आस्थापनेने दिव्यांग कर्मचाऱ्याला वाजवी सोयी दिल्याच पाहिजेत. आमच्याकडे ते काकांनी केलं, मनाने. सगळ्यांना असे काका मिळत नाहीत म्हणून तर कलम लागतं.

आपल्याच जिल्ह्यातलं उदाहरण बघा, उल्हासनगरच्या प्रांजल पाटील. दृष्टी पूर्ण गेलेली. २०१६ ला लागलेल्या यूपीएससीच्या निकालात ७७३ वा नंबर आला, रेल्वेच्या लेखा सेवेत मिळत होतं पण दिसत नाही म्हणून नाकारलं. पुढच्याच वर्षी १२४ वा नंबर काढला, आयएएस झाल्या, आणि २०१९ ला तिरुवनंतपुरमच्या सब-कलेक्टर झाल्या. त्या एका वर्षात बाईंची दृष्टी काही परत आली नव्हती. ज्यांना हिशेब तपासायला अपात्र ठरवलं त्यांनी महसूल सांभाळला.

आणि ३ मार्च २०२५ चा सुप्रीम कोर्टाचा निकाल. मध्य प्रदेशात न्यायाधीश भरतीच्या नियमातच अंध उमेदवार नको म्हणून लिहिलं होतं. एका अंध उमेदवाराच्या आईने सरन्यायाधीशांना पत्र लिहिलं, कोर्टाने त्या पत्राचीच याचिका केली आणि शेवटी तो नियम रद्द झाला. न्यायमूर्ती पारडीवाला आणि महादेवन यांचं खंडपीठ. हा निकाल मी लोकलमध्ये कानात हेडफोन लावून ऐकला तेव्हा तुर्भे कधी गेलं कळलं नाही. एका आईने लिहिलेलं पत्र होतं ते!

तर त्या मुलीला मी काय सांगितलं. पहिली गोष्ट, २०२१ च्या त्या केंद्राच्या यादीच्या टिपांमध्ये स्पष्ट आहे की यादी संपूर्ण नाही, त्यात भर घालता येते. दुसरी टीप मला फार महत्त्वाची वाटते, की एखाद्या पदावर आधीच दिव्यांग व्यक्ती काम करत असेल तर ते पद सुनिश्चित झालेलं आहे असं मानायचं. म्हणजे विचार करा, कुठल्यातरी ऑफिसात एक कर्णबधिर लिपिक आज टेबलावर बसलेला असेल, तर तो बसलाय हाच पुरावा. संधी वाढवायच्या म्हणजे नुसता टक्का वाढवायचा असं नाही, ही माणसं शोधायची, त्यांचं काम मांडायचं, आणि सुनिश्चितीच्या समितीत अशा काम करणाऱ्या माणसांना विचारायचं की बाबा तू हे कसं करतोस. मला कोणी विचारलेलं नाही सहा वर्षांत. मी अर्धा तास देईन, रजा टाकून येईन.

दुसरं, त्याच २०१६ च्या कायद्याच्या २३ व्या कलमाप्रमाणे प्रत्येक सरकारी ऑफिसात तक्रार निवारण अधिकारी असायला हवा आणि तक्रार नोंदल्यापासून दोन आठवड्यांत चौकशी व्हायला हवी. तिथे लेखी द्यायचं. त्याची प्रत पुण्याला दिव्यांग कल्याण आयुक्तांकडे. आपल्या राज्याने २०२२ च्या डिसेंबरात दिव्यांगांसाठी वेगळा विभाग काढला, तर त्या विभागालाही एक प्रत. जाहिरातीची शेवटची तारीख जायच्या आत. वयाचं तिला टेन्शन होतं, पण राज्यात दिव्यांगांना ४५ पर्यंत आहे आणि ती सव्वीसची, त्यामुळे ही जाहिरात गेली तरी पुढच्या आहेत.

तिने विचारलं, "पत्रात काय लिहू. मी रोज काय करते ते?" म्हंटलं तेच लिही. ती आत्ता ऐरोलीला एका दुकानाचे हिशेब बघते, गिऱ्हाईकांशी व्हॉट्सॲपवर बोलते, समोरचा आला तर वहीत लिहून विचारते. मालकाकडून दोन ओळी लिहून घे म्हंटलं.

शनिवारी ती घरी आली होती. माझं असं की तिच्या खुणा मला दिसत नाहीत आणि माझं बोलणं तिला ऐकू येत नाही, मग आम्ही दोघी एकाच सोफ्यावर बसून एकमेकींना मेसेज करत होतो, मी बोलून टाइप करायचे, ती वाचायची, ती टाइप करायची, माझा फोन बोलायचा. आई चहा घेऊन आली आणि बघतच राहिली. दोन तासांत पत्र झालं, सव्वा पानाचं. माझ्या फोनने मोठ्याने वाचलं आणि एका ठिकाणी मी थांबवलं, तिने लिहिलं होतं "कृपया मला सहानुभूतीपूर्वक विचारात घ्यावे". ती ओळ काढून टाकायला सांगितली. तिने काढली, आणि तिथे लिहिलं, "माझा टायपिंगचा वेग तपासून घ्यावा."

सोमवारी सकाळी ती पोस्टात टाकायला गेली. तीन पाकिटं. पावत्यांचा फोटो पाठवलाय, फोटो असल्यामुळे माझ्या फोनला नीट वाचता आला नाही, म्हणून तिने खाली तिन्ही नंबर टाइप करून पाठवले.