बाकी शून्य आली की उठव

परवा आम्ही सात जण मिसळ खायला गेलो. बिल आलं बरोबर हजार. एकानं मोबाइलवर सातनं भागलं आणि वैतागून सगळ्यांसमोर धरलं: १४२.८५७१४२. बाकीचे हसले. मला मात्र जुन्या आळीतलं कुणीतरी अचानक समोर यावं तसं झालं.

मे महिन्याची दुपार. जेवण झाल्यावर वडिलांना पंख्याखाली सतरंजीवर आडवं व्हायचं असायचं आणि मी काही झोपणाऱ्यातला नव्हतो. त्यांनी पाटी पुढे सरकवली. "एकाला सातनं भाग. बाकी शून्य आली की उठव मला."

बसलो. दहात सात एके सात, बाकी तीन. तिसात सात चोक अठ्ठावीस, बाकी दोन. मग सहा, चार, पाच, आणि परत एक. पाटी भरली की शेवटची बाकी कोपऱ्यात ठेवायची, उरलेली ओल्या फडक्यानं पुसायची, पुढे चालू. पेन्सिलीचा पार खुंट झाला. शून्य काही येईना. वाटलं, आपलंच कुठेतरी चुकतंय. चारला ते आपणच चहाला उठले, पाटीकडे बघून म्हणाले, "अजून चालूच?" आई पदर तोंडाला लावून हसत होती. आपल्याला गंडवलंय हे कळायला पुढची दोन वर्षं गेली.

पण त्या भागाकारात फिरून फिरून येणारा १४२८५७ तेव्हापासून चिकटलाय तो चिकटलाच. बँकेच्या रांगेत उभा असलो की हात आपोआप कॅल्क्युलेटरवर जातो. दुप्पट २८५७१४, तिप्पट ४२८५७१. सहापटीपर्यंत तेच सहा भिडू, फक्त खुर्च्या बदलून बसलेले. आणि सातपट केली की ९९९९९९. दहा लाखाला एक कमी! हा एक मला अजून टोचतो.

आकड्यांचं वेड असलेल्या द. रा. कापरेकर मास्तरांचं नाव निघालं की लोक त्यांच्या ६१७४ पाशी थांबतात (चार अंक उतरत्या आणि चढत्या क्रमानं लावून वजाबाकी करत गेलं की शेवटी येतो तो). पण आमच्या आकड्याचा वर्ग करून बघा: २०४०८१२२४४९. मधून तोडा. २०४०८ अधिक १२२४४९, परत १४२८५७. असं वागणाऱ्या संख्यांना कापरेकर संख्याच म्हणतात. देवळालीच्या शाळेत मुलांना शिकवायचं आणि उरल्या वेळात असले आकडे फोडत बसायचं, तेही कॅल्क्युलेटर नसताना. मला वडिलांनी बसवलं होतं. मास्तर आपणहून बसले.

असो. बिल मीच भरलं. "१४३ पाठवा रे," म्हटलं. सहा जणांचे ८५८ आले, म्हणजे मला पडले १४२. वरचा रुपया कुणी मागितला नाही, मीही विषय काढला नाही.