आमची वाटचाल : खान्देशी गाण्यांचं एफएम

खासगी एफएमसाठी सरकारने दुसऱ्या फेरीत दिलेलं, म्हणजे फेज टूचं, लायसन्स मिळालं तेव्हा जळगावात बोलबाला झाला की आमच्याकडे फार पैसा आहे. होते फक्त आकाशवाणीतून रिटायर झालेले भागीदार अण्णा, त्यांची सोल्डरिंग आयर्न आणि सेकंडहँड मिक्सर. मिक्सरवरचा आवाज कमीजास्त करायचा सरकता खटका, म्हणजे फेडर, खरखरू लागला की अण्णा तो उघडून स्पिरिटने पुसत, ऑन एअर असतानासुद्धा. लोडशेडिंगच्या त्या वर्षांत जनरेटरच्या डिझेलला जेवढे गेले, तेवढे पगारालाही गेले नसतील.

आम्हाला बुडवायला निघाला तो मात्र नीडल अवर, म्हणजे म्युझिक कंपन्यांना तासांच्या हिशेबाने द्यायची रॉयल्टी. गाणं जेवढं वाजेल तेवढं बिल, जाहिरात येवो न येवो. मुंबईत दहा सेकंदांना मिळणारा भाव जळगावात कोण देतो? म्युझिक कंपनीचा माणूस मात्र फोनवर तोच हिशेब वाचून दाखवायचा. एकदा कर्जाचे हप्ते थकले, बँक दारात आली. त्यात शेजारच्या फ्रिक्वेन्सीवर एक मोठी साखळी उतरली: मुंबईत रेकॉर्ड केलेलं हसणं, आमच्या जाहिरात एजन्सीला जादा कमिशन. आमचे दोन आरजे त्यांनी पळवले. त्यातल्या एकाला माइकसमोर श्वास कसा घ्यायचा ते अण्णांनी शिकवलं होतं.

मग आम्ही पहाटेचा वेळ सिनेमाच्या गाण्यांतून मोकळा केला. झूम कंपनीचा हातातला रेकॉर्डर घेऊन अमळनेर, पारोळा पालथं घातलं. कानबाईची गाणी, जात्यावरच्या ओव्या, डफावरचं वहीगायन. बायांना मानधन दिलं, कागदावर सही घेतली. (कोणी असं काही सुरू करणार असेल तर आधी सही, मग चहा.) यावलकडच्या लेवा बोलीवाल्यांनी भांडण काढलं, "सगळी अहिराणीच का? बहिणाबाई आमच्या बोलीतल्या." बरोबर होतं त्यांचं. त्यांनाही अर्धा तास दिला.

त्या पहाटेचा पहिला स्पॉन्सर खतांच्या दुकानाचे शेठ. रात्रीच्या विजेवर मोटार चालवून पाणी भरणारा केळीवाला पाच वाजता जागा असतो, हे आमच्या मार्केटिंगवाल्याला कळलं नव्हतं, शेठना कळलं. वर्षाचा चेक आगाऊ. एवढीच अट, की युरियाचं नाव लावणी संपल्यावर नाही, ओवी संपल्यावर घ्यायचं. का, ते त्यांनी कधी सांगितलं नाही.

२५ ऑगस्ट २०१० ला कॉपीराइट बोर्डाचा निकाल आला: नीडल अवर बंद, निव्वळ जाहिरात उत्पन्नाच्या दोन टक्के. अण्णांनी त्या दिवशी पेढे वाटले. पुढे फेज थ्रीत पंधरा वर्षांचं लायसन्स घेतलं. बातम्या स्वतःच्या द्यायला आजही बंदी, आकाशवाणीच्या जशाच्या तशा लावायच्या. तापीला पूर आला तर प्रशासनाने दिलेली सूचना तेवढी आम्ही सांगायची, बाकीचं लोक व्हॉट्सॅपवर शोधणार!

मोठ्या साखळीचा सकाळचा शो आता बाहेरून येतो. त्यांच्या सेल्सवाल्याला मी भेटल्यावर सांगतोच: ट्रान्समीटरच्या अर्थिंगच्या खड्ड्यात मे महिन्यात रोज बादलीभर पाणी टाक. जळगावचं ऊन तुमच्या हेड ऑफिसला माहीत नाही.

दिवाळीचे स्लॉट दसऱ्याआधी बुक करा. पहाटेचा पहिला स्पॉट मागू नका, तो शेठचा आहे.