मैसूर हा क्लब होता का?

कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर फुटबॉल सामन्याच्या मध्यंतरात गप्पा रंगल्या की कुणी ना कुणी मला विचारतंच, "आशियातल्या क्लबांच्या जुन्या स्पर्धेत भारताकडून मैसूर खेळलं म्हणता. हा क्लब कुठला?" आता तुम्हीही विचारलंत म्हणून सगळंच सांगतो.

मैसूर हा क्लब नव्हताच, ते राज्य होतं. १९६७ साली आशियाई फुटबॉल महासंघाने चॅम्पियन क्लबांची स्पर्धा सुरू केली. देशोदेशीच्या विजेत्यांनी एका शहरात जमायचं आणि तिथेच निकाल लावायचा. १९७१ पर्यंत अशा चार स्पर्धा झाल्या, तीन बँकॉकला आणि एक तेहरानला. आपल्याकडे तेव्हा क्लबांची राष्ट्रीय लीगच नव्हती, ती आली १९९६ मध्ये. त्यामुळे १९६९ ला गेलं मैसूर, म्हणजे राज्यांच्या संघांची संतोष ट्रॉफी स्पर्धा जिंकणारं राज्य. १९७० ला बंगाल गेलं आणि १९७१ ला पंजाब पोलीस.

आम्हा कोल्हापूरकरांना हे खुपतं. आमच्याकडे संघ म्हणजे पेठ, तालीम. पाटाकडील आणि दिलबहार या तालमींचे संघ समोरासमोर आले की घराघरात दोन तट पडतात. राज्याचा संघ निवड समिती उभा करते, स्पर्धा संपली की पोरं आपापल्या संघात परततात. मोहन बागान, ईस्ट बंगाल यांच्यासारख्या क्लबांचा मान त्या वर्षांत हुकला, याचं मला आजही वाईट वाटतं.

पण म्हणून मैसूरला कमी लेखू नका. त्यांनी चौथा क्रमांक मिळवला. तिसऱ्या क्रमांकाच्या लढतीत ते जपानच्या टोयो कोग्योकडून हरले. टोयो कोग्यो म्हणजे माझदा मोटारी बनवणाऱ्या कंपनीचा संघ, आजच्या सानफ्रेचे हिरोशिमाचा पूर्वज. त्या वर्षीचा उपविजेता तर अजबच होता. यांगजी हा दक्षिण कोरियाचा संघ तिथल्या गुप्तचर खात्याने उभा केला होता. १९६६ च्या विश्वचषकात उत्तर कोरियाने इटलीला घरी धाडलं आणि दक्षिणेला ते झोंबलं. मग देशातले उत्तम खेळाडू एका छत्राखाली आणले गेले. १९६९ मध्ये या संघाला शंभराहून जास्त दिवस युरोपात सरावासाठी फिरवलं. एवढं करूनही बँकॉकच्या अंतिम सामन्यात मक्काबी तेल अवीवने त्यांना १-० ने हरवलं.

तेल अवीवचं नाव ऐकून तुम्ही चमकाल. इस्रायल तेव्हा आशियातच खेळायचा. १९६४ चा आशिया चषक त्यांनीच जिंकला, आणि दुसरे आले होते आपण, चुनी गोस्वामींच्या कप्तानीखाली. क्लबांच्या चारपैकी तीन स्पर्धा इस्रायली संघांच्या नावावर आहेत. १९६७ ला हपोएल तेल अवीवने मलेशियाच्या सेलांगोरला २-१ ने हरवलं. १९६९ आणि १९७१ मक्काबीचे.

यातला १९७१ चा अंतिम सामना झालाच नाही. इराकच्या पोलिसांच्या संघाने इस्रायली संघाविरुद्ध उतरायला नकार दिला. आदल्या वर्षी तेहरानमध्ये लेबनॉनच्या होमेनेतमेननेही उपांत्य सामना सोडला होता. अरब देशांचं इस्रायलशी वैर होतं, त्यामुळे ते का उतरले नाहीत हे मला समजतं. तरीही चषक उचलायला आलेल्या खेळाडूलाही न खेळलेला सामना आयुष्यभर सलत असणार, असं मला वाटतं.

मला सगळ्यांत जवळचा आहे तो १९७० चा तेहरानचा अंतिम सामना. अमजदिये स्टेडियम, समोर हपोएल, आणि युगोस्लाव्ह प्रशिक्षक झ्द्राव्को राइकोव्ह यांचा तेहरानचाच ताज संघ. जादा वेळेपर्यंत ताणलेला हा सामना ताजने २-१ ने जिंकला. दोनच वर्षांपूर्वी याच मैदानावर, याच फरकाने इराणने इस्रायलला हरवून आशिया चषक घेतला होता. तेव्हा शहाचं राज्य होतं आणि दोन्ही देशांचे संबंध होते, म्हणून हे सामने होऊ तरी शकले. १९७९ च्या क्रांतीनंतर ताज, म्हणजे मुकुट, हे नाव गेलं. संघ झाला एस्तेघलाल, म्हणजे स्वातंत्र्य.

१९७१ नंतर ही स्पर्धा बंदच पडली. १९७४ मध्ये इस्रायलला आशियाई महासंघातून काढलं. क्लबांची आशियाई स्पर्धा पुन्हा सुरू व्हायला १९८५ उजाडलं. मधल्या चौदा वर्षांत किती चांगल्या संघांची उमेद निघून गेली असेल!

मैसूरचं नावही १ नोव्हेंबर १९७३ ला बदललं, राज्य कर्नाटक झालं. त्यामुळे जुन्या निकालांत हे नाव दिसलं की नवी पोरं गोंधळतात. माझ्याकडे एक वही आहे, चारही स्पर्धांचे निकाल हाताने उतरवलेली. १९६९ च्या पानावर मक्काबी, यांगजी, टोयो कोग्यो अशी नावं आहेत आणि त्यांच्या खाली मैसूर. पुढच्या सामन्याला याल तेव्हा मध्यंतरात दाखवतो.