धामणगाव गढी ते गाविलगड, पायी: सिकलसेलच्या मदतीसाठी एका दिवसाची चढाई

"वर जायाले एस्टी हाय ना, मंग पायी काहून चालून रायले?" चढाईच्या आधीच्या महिन्यात हा प्रश्न मी निदान चाळीस वेळा ऐकला. शहरात म्हणे कुणी डोंगर चढतो आणि लोक त्याच्या नावानं देणगी देतात. आमच्या अचलपूर तालुक्यात माणूस पायी चढतो तो एक तर नवस फेडायला, नाही तर एस्टी चुकल्यावर. शेजारच्या काकू तर म्हणाल्या, "म्या तुले शंभर रुपये देतो, पन तू चालू नोको बापू, गुडघे जातीन तुये."

निमित्त माझा भाचा. त्याला सिकलसेल आहे, म्हणजे रक्तातल्या तांबड्या पेशी कोयत्यासारख्या वाकड्या होण्याचा आनुवंशिक आजार. त्याचा एसएस पॅटर्न, म्हणजे दोष आई आणि बाप दोघांकडूनही आलेला. आई-बाप दोघंही वाहक असले की दर खेपेला चारात एक शक्यता असते, ती त्याच्या वाट्याला आली. औषधं सरकारी दवाखान्यात मिळतात, एस्टीत रुग्णाला सवलतही आहे. पण सोबतच्या माणसाची बुडालेली मजुरी कोण देणार? आणि मेळघाटातल्या ज्या गावात एस्टी पोचतच नाही, तिथून रात्री कळा सुरू झालेल्या पोराला खाली आणायला जी गाडी करावी लागते, तिचं भाडं? त्या भाड्यासाठी पैसे उभे करायचे, एवढंच ठरलं होतं.

आंबिया बहाराची संत्री उतरली की जानेवारीत जरा उसंत मिळते. म्हणून तेव्हाचा रविवार धरला. आम्ही अकरा जण, त्यात दोन शाळेचे गुरुजी, एक अंगणवाडीताई आणि माझ्यासारखे संत्रावाले. वाट ठरली धामणगाव गढीहून घाटानं चिखलदरा आणि तिथून गाविलगड किल्ला. मोबाईलनं सगळं मिळून २५ किलोमीटरच्या आसपास दाखवलं. चढ सहाशे-सातशे मीटरचा. चिखलदरा १,११८ मीटरवर आहे. हिमालयवाल्यांना हसू येईल, पण डांबरी रस्त्यावर सलग चढत राहणं हे काम वेगळंच आहे.

पैशांचं आधी सांगतो, कारण खरी चढाई तिथंच होती. वर्गणी स्वतःच्या खात्यात घेऊ नका. सार्वजनिक कामासाठी पैसे गोळा करायचे तर महाराष्ट्रात सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ४१ क प्रमाणे धर्मादाय कार्यालयाची परवानगी लागते, गणपती मंडळं काढतात तीच. आम्ही सोपा मार्ग घेतला. मेळघाटात काम करणारी एक नोंदणीकृत संस्था गाठली, पावती पुस्तक तिचं, क्यूआर कोड तिच्या खात्याचा, आम्ही फक्त दारोदार फिरणारे. देणगीवर आयकरात सूट हवी असणाऱ्याला दाखलाही संस्थाच देते. त्यासाठी पॅन नंबर तेव्हाच लिहून घ्या, मार्चमध्ये फोन करत बसावं लागतं.

दुसरी गोष्ट, "किलोमीटरमागे दहा रुपये" हा हिशोब आमच्याकडे चालला नाही. "तू अर्ध्यातून पळून आला तं?" असं एकानं तोंडावर विचारलं. मग सरळ रक्कम मागितली. कुणी पाचशे दिले, कुणी पायलीभर तूर दिली. ती तूर विकून पैसे जमा केले आणि पावती तूर देणाऱ्याच्याच नावानं फाडली. आमची चूक अशी झाली, की बरेच आकडे नुसते वहीत लिहिले. बोललेले पैसे होते ४१ हजारांवर. चढाईच्या सकाळपर्यंत हातात आले होते २६ हजार. चढून आल्यावर मागायला गेलं की लोक आधी फोटो बघतात, कौतुक करतात, चहा पाजतात आणि पैशांचा विषय पाडव्यावर ढकलतात. आधीच घ्या.

आता वाट. अंधारात निघायचा मोह होतो, निघू नका. हा मेळघाटाचा परिसर आहे, बिबट आणि अस्वल रस्ता ओलांडतात. मोहफुलं पडायच्या दिवसांत, म्हणजे मार्च-एप्रिलमध्ये, अस्वलाची भीती जास्त. आम्ही उजाडल्यावर सातला निघालो. घाटात उजव्या कडेनं चालायचं, म्हणजे समोरून येणारी गाडी दिसते. आंधळ्या वळणावर मात्र जिकडून दिसेल ती बाजू धरा. रविवार नको होता, हे नऊ वाजता कळलं. पर्यटकांच्या गाड्या आणि त्यांचे हॉर्न. शक्य असेल तर मधला वार घ्या.

पाणी माणशी तीन लिटर तरी लागतं. मी एकच बाटली घेतली होती, थंडी आहे म्हणून. अकराच्या सुमाराला डाव्या पोटरीत असा गोळा आला, की मी रस्त्याच्या कठड्यावर आडवा. अंगणवाडीताईंनी पिशवीतून ओआरएसची पुडी काढली, बाटलीत ओतली, झाकण लावून हलवली आणि म्हणाल्या, "गावातल्या बायांना मी रोज हेच सांगते, तुम्ही ऐकत नाही." दहा मिनिटांनी उठलो. खाली वऱ्हाडचं मैदान धुक्यात पसरलेलं, मधे संत्राबागांचे गडद चौकोन. आपलं शेत कोणतं यावर दोन गुरुजींचा तेवढ्यात वादही झाला.

मोथ्याला पोचलो तेव्हा साडेबारा झाले होते. गवळ्यांचं गाव, इथला खवा आणि रबडी खाल्ल्याशिवाय कुणी पुढं जात नाही. चून-भाकर आणि ठेचा आमच्याजवळ होताच. भाचा इथं जीपनं येऊन भेटला. त्यानं चालायचा हट्ट धरला होता, पण सिकलसेलवाल्याला अतिश्रम, थंडी आणि पाण्याची कमतरता तिन्ही महागात पडतात. म्हणून त्याच्याकडे हिशोबाची वही दिली होती. स्वेटर घालून, गरम पाण्याचा थर्मास मांडीत धरून तो बसला आणि वाटेत आम्ही उधळलेल्या रबडीचे पैसे वर्गणीतून नाही, आमच्या खिशातून वसूल केले. माकडांनी गुरुजींची पिशवी मात्र सोडली नाही.

गाविलगडाची एक गंमत आहे. चिखलदऱ्याच्या पठारावरून आलात तर आधी उतरायचं, मच्छी तलावाच्या खिंडीत, आणि मग दरवाजे. दक्षिणेकडून थेट चढणं कठीण, म्हणूनच १८०३ च्या डिसेंबरमध्ये इंग्रजांनी लांबचा वळसा घालून उत्तरेकडे जड तोफा डोंगरातून ओढत आणल्या. किल्ला तेव्हा नागपूरकर भोसल्यांचा. १५ डिसेंबरला तो पडला, दोनच दिवसांत भोसले आणि इंग्रजांत देवगावचा तह झाला. २५ किलोमीटर चालून आल्यावर तोफा ओढणाऱ्यांविषयी वेगळंच वाटतं, मग ते कुणाच्याही बाजूचे असोत. शार्दूल दरवाजावरची शिल्पं नीट बघा, दोन तोंडांचा पक्षी शोधा. आत अंतर मोठं आहे, तलाव आणि मशीद पाहायची तर दोन तास हाताशी हवेत. आम्ही तीनला पोचलो, घाई झाली. प्रवेशाला चौकीवर नोंद आणि तिकीट, प्लास्टिक खाली ठेवून जा.

उतरताना पायी उतरू नका. चढाईनं दमतो, उतारानं गुडघे जातात. आमच्यातल्या दोघांनी हौसेनं मोथ्यापर्यंत पायी उतरून पाहिलं आणि आठवडाभर जिना बाजूनं उतरले. एस्टीच्या वेळा आदल्या दिवशी परतवाडा स्टँडवर विचारून घ्या, शेवटची गाडी हुकली तर जीपवाला म्हणेल तो भाव. नवे बूट तर अजिबात नकोत. माझ्या अंगठ्याचं नख अजून काळं आहे. घाटात बऱ्याच ठिकाणी रेंज नसते, फोनवरच्या पैशांच्या भरवशावर राहू नका, सुटे जवळ ठेवा.

शेवटी ३४,८५० रुपये जमले. काकूंचे शंभर त्यात आहेत. मी चाललो तरी त्यांनी दिले, वर गुडघ्यांना लावायला तेलाची बाटलीही दिली. पूर्ण हिशोब भाच्यानं स्वच्छ अक्षरात लिहून ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लावला. तिसऱ्या दिवशी कुणीतरी बेरजेतली वीस रुपयांची चूक लाल पेननं दुरुस्त करून खाली सहीही केली होती.